कुरळ्या केसांची वेणी



घरात कुरळ्या केसांची मुलगी असेल, तर सकाळची शाळा आणि हातात कंगवा म्हणजे काय प्रसंग असतो, हे तुम्हाला सांगायला नको. माझी लेक ११ वर्षांची. तिचे केस सासूबाईंवर गेलेत, बारीक कुरळे. मध्यंतरी एका बारशाला कुणीतरी तिच्यासमोरच म्हणालं, "पार्लरमध्ये नेऊन सरळ करून घ्या, पुढे स्थळं बघताना बरं पडतं." रात्री तिनं विचारलं, "आई, माझे केस वाईट आहेत का गं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या एरवी कायम डोक्यावर पदर घेऊन असतात. त्यांनी अंबाडा सोडला आणि पांढऱ्या कुरळ्या बटा नातीच्या हातात दिल्या. "बघ, तुझेच आहेत. माझं कुठे काय अडलं?"

कुरळे केस इतके गुंततात का, ते आधी समजून घेऊ. डोक्याच्या त्वचेतलं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. वळणांच्या केसावरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही. केस कोरडे पडतात आणि एकमेकांत अडकतात. कोरड्या केसांत कंगवा ओढला की ते तुटतात, फुलतात आणि पोरगी रडते.

म्हणून आमच्याकडे रविवारी सावकाश काम चालतं. नहाण्याआधी तासभर खोबरेल तेल. शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर खालच्या केसांना. कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्यानं विंचरायचं, तेही टोकाकडून. आधी खालची चार बोटं मोकळी करायची, मग थोडं वर. बट मुठीत धरून विंचरली की मुळाला ओढ बसत नाही. टॉवेलनं खसाखसा न पुसता जुन्या सुती ओढणीत केस दाबून पाणी टिपायचं.

मग जवसाचं जेल. २ चमचे जवस १ कप गाळलेल्या पाण्यात उकळायचे. पाणी बुळबुळीत होऊन तार धरू लागलं की गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं, गार झाल्यावर गाळलं जात नाही. मी त्या दिवसापुरतंच करते. ओलसर केसांना हे लावून मुठीनं खालून वर दाबलं की वळणं सुरेख बसतात.

व्हिडिओंमध्ये अंडं, मध आणि रेशमी अभ्रा सांगतात. हे तिन्ही आपल्यात बसत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. झोपताना सैल वेणी आणि उशीला सॅटिनचा अभ्रा पुरतो. बाटली घेताना मात्र लेबल वाचा. केराटिन बहुधा लोकर, शिंगं, खूर यांपासून काढतात आणि काही कंडिशनरांत रेशमाची प्रथिनंही असतात.

शाळेसाठी दोन वेण्या. केस निथळत असताना वेणी घालू नये, ओला केस ताणला जाऊन लवकर तुटतो. किंचित दमट असताना तीन पेड घालायचे. लग्नकार्याला सागरवेणी, म्हणजे कपाळापासून थोड्या थोड्या बटा उचलत नेलेली. कानशिलाजवळ कातडी ताणलेली दिसली तर वेणी सोडून सैल घाला. रोजच्या ओढीनं तिथले केस विरळ होतात. बांधलेल्या केसांचा आणखी एक फायदा म्हणजे डोक्याला डोकं लागलं तरी उवा लागण्याची भीती कमी. उवा झाल्यावर त्या मारायच्या कशा, या पेचात पडण्यापेक्षा हे बरं.

केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून इस्त्रीच्या उष्णतेनं फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. त्यानं डोळे आणि घसा चुरचुरतो. शिवाय केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात आणि मुळाशी येणारे नवे केस कुरळेच असतात. म्हणजे पुन्हा पार्लर, पुन्हा तोच खर्च.

लेकीनं एकदा माताजींचा केशलोच पाहिला होता. तिनं विचारलं, "त्या हातानं केस उपटतात, मग आपण इतकं जपायचं कशाला?" प्रश्न रास्त होता. मी तिला एवढंच सांगितलं की माताजींना केसांचा राग नाही आणि लोभही नाही, म्हणून त्या शांतपणे बसू शकतात. लोक नावं ठेवतात म्हणून केस इस्त्रीखाली घालणं हे वैराग्य नाही, तो आपल्याच देहाचा द्वेष आहे. तसंच केसांचं कौतुक करत दिवसभर आरशासमोर बसणं हा राग. आपण गृहस्थ. स्वच्छ ठेवावेत, विंचरावेत, बांधावेत आणि अभ्यासाला लागावं.

नंतर आम्ही श्रवणबेळगोळला गेलो. ५७ फुटी बाहुबलींसमोर सगळे पायांवरच्या वेलींकडे बघत होते. लेक वर बघत होती. "आई, ह्यांचे पण कुरळेच!" खरंच, मस्तकावर बारीक वळणांच्या बटा कोरल्यात. इतक्या वेळा दर्शन घेतलं, पण हे तिच्यामुळे दिसलं.

तेव्हा मैत्रिणींनो, कंगवा टोकाकडून सुरू करा आणि गुंता सोडवताना "काय हे केस!" तेवढं म्हणू नका. गुंता दहा मिनिटांत सुटतो, तो शब्द मात्र मुलीच्या मनात बरीच वर्षं राहतो.