विमलेश्वरची नाव

नर्मदा परिक्रमेचा मुख्य नियम साधा आहे. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. अमरकंटकला उगम पावून १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचा तट मग दोनच ठिकाणी बदलता येतो. एक उगमाशी, दुसरा समुद्रात. दक्षिण तटावरून ओंकारेश्वरहून निघालेल्या माणसाला म्हणून भडोच जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर यावंच लागतं. आम्ही विमलेश्वरला आलो. तिथून मच्छीमारांच्या नावेत बसायचं, खंबातच्या आखातातून रेवासागर संगमाला वळसा घालायचा आणि उत्तर तटावर मिठीतलाईला उतरायचं.

मला वाटलं होतं, धीर लागेल तो वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत. एके काळी तिथे परिक्रमावासींना लुटलं जायचं, अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून घेतले जायचे, आणि लुटले गेलेले लोक त्यालाही मैयाची परीक्षा म्हणायचे. सरदार सरोवराच्या पाण्यात जुनी वाट बुडाली, आता डोंगरावरून चढ-उतार करत जावं लागतं. पण आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर आम्हाला कुणी अडवलं ते जेवायला. एका घरी चुलीपुढे बसलेल्या बाईने स्वतःच्या पोरांआधी आमच्या हातावर मक्याची भाकरी ठेवली. झाडीत भीतीला जागाच उरली नाही.

ती भेटली विमलेश्वरला. आश्रमात पोचताच पहिला प्रश्न, ‘कितनी मूर्ति?’ परिक्रमेत माणसं मोजत नाहीत, मूर्ती मोजतात. यादीत नाव घातलं की वाट पाहायची ती भरतीची. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला नाव गाळात रुतून बसते, म्हणून पाणी चढेल तेव्हाच निघायचं, मग मध्यरात्र असो की पहाट.

ओसरीत निमाडातले शेतकरी होते, नाशिककडचे काही जण होते आणि बीडकडच्या एक आजी होत्या. त्यांच्या गुडघ्यांना सूज होती. शेकडो किलोमीटर चालून आलेली ही माणसं त्या संध्याकाळी गप्प होती. बहुतेकांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. विहिरीत पोहायला शिकलेले थोडे, बाकीच्यांना पाणी माहीत ते पिण्याचं आणि शेताचं.

पहाटेच्या अंधारात बोलावणं आलं. बॅटरीच्या उजेडात खाडीपर्यंत चालत गेलो. चिखल पोटरीपर्यंत येत होता. काठावरून नावेत एक अरुंद फळी टाकलेली, ओली, मधोमध जरा वाकलेली. खाली काळं पाणी. नावेचा तांडेल आणि त्याची पोरं हात देऊन एकेकाला चढवत होती. आजींची पाळी आली आणि त्या थांबल्या.

‘मला न्हाई जमायचं. तुम्ही व्हा पुढं.’

‘आजी, मी मागं आहे ना,’ मी म्हणालो.

‘मागं असून काय करतो लेकरा? पाऊल तर माझं मलाच टाकावं लागंल.’

यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांनी कमरेच्या पिशवीतून नर्मदाजलाची कुपी काढली, कपाळाला लावली, पुन्हा आत ठेवली. काठी माझ्या हातात दिली. ‘नर्मदे हर’ म्हणाल्या, मोठ्याने, जवळजवळ दरडावून, आणि कुणाचा हात न धरता फळीवरून चालत गेल्या. सुजलेले गुडघे, ओलं लुगडं, चिखलाने भरलेले पाय. पण मान वर. मी मागून बघत होतो. क्षणभरही त्या थबकल्या नाहीत.

नावेत बसल्याबरोबर मात्र त्यांना कापरं भरलं. माझं मनगट त्यांनी असं धरलं की वळ उठले. ‘आता भ्या वाटतंय बघ,’ त्या म्हणाल्या. भीती गेली नव्हती. फळी संपेपर्यंत ती काठावर उभी राहिली होती आणि मग मागून नावेत चढली होती.

किनारा दिसेनासा झाला तेव्हा लाटा कठड्यावरून आत येऊ लागल्या. कुणीतरी नामघोष धरला, सगळ्यांनी उचलला. दूर दहेजच्या बंदराचे आणि कारखान्यांचे दिवे दिसत होते. संगमाच्या भागात आलो तसं प्रत्येकाने कुपीतलं थोडं जल समुद्रात सोडलं आणि समुद्राचं भरून घेतलं. आजींनी विचारलं, ‘मैया कुठली नि समुद्र कुठला?’ तांडेल म्हणाला, ‘बधुं एक ज छे, माजी.’ मग कठड्यावरून वाकून त्यांनी स्वतःच्या हाताने कुपी भरली. दुसरा हात अजून माझ्या मनगटावर होता.

श्रद्धेने आयुष्यभराचं धैर्य मिळालेली माणसं असतात. भारती ठाकूर परिक्रमेनंतर निमाडात येऊन राहिल्या आणि नर्मदाकाठच्या मुलांसाठी त्यांनी ‘नर्मदालय’ उभं केलं. तेवढी पुंजी फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांना गरजेपुरतं मिळतं, चार पावलांचं, आणि ते पुरतं, हे मी त्या फळीवर पाहिलं. आजींच्या श्रद्धेत मैया आई आहे, आणि आई बुडवणार नाही यावर त्यांचा मनापासून विश्वास आहे. माझा विश्वास तेवढा पक्का नाही. पण त्यांच्या मागोमाग मी फळी ओलांडली ती त्यांच्या बळावर.

मिठीतलाईला उतरतानाही चिखल होताच. या वेळी आजींनी काठी माझ्याकडून मागून घेतली.

चातुर्मासात परिक्रमा थांबते, कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा सुरू होते. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस जायचं म्हणत असेल तर ‘तुला झेपायचं नाही’ म्हणून त्याला बसवू नका. डॉक्टरांना दाखवा, सोबत जा, आणि नावेत पाऊल टाकण्याआधी सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेट आहेत का, ते तांडेलाला स्पष्ट विचारा.