रेघेच्या अटी

उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकातले घड्याळ जी वेळ दाखवते ती उज्जैनची नव्हेच. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, साऱ्या देशाने वाटून घेतलेली वेळ. उज्जैन आहे 75 अंश 46 कलांवर; म्हणून सूर्य या गावाच्या माथ्यावर यायला सुमारे 27 मिनिटे जास्त घेतो. तिकडे क्षिप्रेकाठच्या जयसिंगाच्या वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली गावचीच वेळ सांगत असते. त्यातही पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सावली आणि घड्याळ यांतले अंतर वर्षभर बदलत राहते: नोव्हेंबरच्या आरंभी जेमतेम 11 मिनिटे, फेब्रुवारीच्या मध्यावर 41. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. माधवराव शिंद्यांनी 1923 साली या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारखा मराठी ज्योतिर्गणिती तिचा अधीक्षक झाला. या मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: यंत्राची रेघ कितीही सुबक असो, वाचनाला संस्कार दिल्याखेरीज ते वापरता येत नाही. रसायनशाळेतल्या काचेवरच्या रेघेबाबत मात्र आपण इतके सावध नसतो. फ्लास्कच्या मानेवर गोल रेघ दिसली की तिथवर पाणी भरायचे आणि द्रावण अचूक झाले असे मानायचे, अशी आपली रीत. माझे म्हणणे असे की ती रेघ हा एक करार असतो, आणि करारातल्या अटी वाचणे हाच अचूकपणाचा मोठा भाग आहे.

अटी काचेवरच लिहिलेल्या असतात, बारीक अक्षरांत. एक लिटरच्या चांगल्या फ्लास्कवर ‘अ’ वर्गाची खूण असते. म्हणजे कारखानदार कबूल करतो की चूक फार तर 0.4 मिलिलिटर. शेजारी आणखी एक खूण सांगते की हे माप आत मावणाऱ्या द्रवाचे आहे, बाहेर ओतलेल्या द्रवाचे नव्हे. पिपेटचे याच्या उलट. म्हणून फ्लास्क ओतून ‘लिटरभर दिले’ म्हणणे चूक, आणि पिपेटच्या टोकाशी राहिलेला शेवटचा थेंब फुंकून काढणे हीही चूक, कारण तो थेंब तिथे राहणार हे हिशेबात धरूनच रेघ ओढलेली असते. सगळ्यांत दुर्लक्षित अट तापमानाची. युरोपात काच 20 अंशांना प्रमाणित करतात. आपल्याकडच्या हवेचा विचार करून भारतीय मानकांनी 27 अंश धरले. पण माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. 40 अंशांच्या खोलीत लिटरचा फ्लास्क रेघेपर्यंत भरला, तर तेच द्रावण 27 अंशांवर आल्यावर चार मिलिलिटरांहून थोडे जास्तच कमी भरते. जानेवारीच्या सकाळी 12 अंशांना भरले तर उलट, जवळजवळ तीन मिलिलिटर जास्त. काच स्वतः फारशी फुगत नाही, बोरोसिलिकेट तर अगदीच कमी; फुगते ते पाणी. म्हणजे ज्या काचेसाठी आपण जास्त पैसे मोजले, तिच्या हमीच्या दहापट चूक खोलीतली हवाच करून जाते.

द्रावण करण्याची जी जुनी पद्धत शिकवतात, तिच्या प्रत्येक पायरीमागे अशीच एखादी अट दडलेली आहे. पदार्थ आधी बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवायचा, थेट फ्लास्कमध्ये नाही, कारण विरघळताना तो उष्णता सोडतो किंवा शोषतो; कॉस्टिक सोडा तर हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि गरम द्रावण रेघेवर आणले की निवल्यावर पातळी रेघेच्या खाली राहते. मग फनेलमधून ओतायचे, बीकर आणि काचकांडी दोन-तीनदा धुऊन तेही पाणी आत घ्यायचे. भिंतीला चिकटलेला थर वजनात मोजला गेला आहे, तो बाहेर राहून चालत नाही. लिटरभर पाण्यात पदार्थ घालणे आणि पदार्थ घालून लिटर पुरे करणे यांत फरक आहे: 50 मिलिलिटर अल्कोहोल आणि 50 मिलिलिटर पाणी एकत्र केले तर 100 होत नाही, 96-97च्या आसपास थांबते. शेवटचे थेंब ड्रॉपरने. डोळा रेघेच्या पातळीत, आणि पाण्याच्या अंतर्वक्र पृष्ठाचा तळ रेघेला टेकलेला. गर्द जांभळ्या परमँगनेटचा तळ दिसतच नाही, म्हणून तिथे वरची कड धरायची. मग बूच लावून फ्लास्क पुनःपुन्हा उलटासुलटा करायचा. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे म्हणून सर्वांत जास्त टाळले जाते, आणि नीट न मिसळलेल्या द्रावणात तळाशी एक सांद्रता, मानेत दुसरी अशी चोरटी विषमता राहते.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो रसायन जाणणाराच घेईल. टायट्रेशनमध्ये दोन द्रावणांची तुलना होते. दोन्ही एकाच खोलीत, एकाच तापमानाला केली आणि वापरली तर पाण्याचे फुगणे दोन्ही बाजूंनी सारखेच, मग कटकट कशाला? बरोबर आहे, अशा वेळी तापमानाची चूक बरीचशी कटून जाते. पण ही सवलत एकाच दिवशी, एकाच टेबलावर मिळते. जानेवारीत केलेले द्रावण मे महिन्यात वापरले की ती संपते. दुसरा आक्षेप बाजाराचा: आता मोजून भरलेल्या अँप्यूल मिळतात, फोडून लिटर केले की झाले. चांगली सोय आहे, जरूर वापरावी. पण ते लिटर शेवटी त्याच फ्लास्कमध्ये, त्याच रेघेपर्यंत, त्याच उकाड्यात करायचे असते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: अर्धा-पाऊण टक्क्याने कुणाचे काय बिघडते? इथे क्षिप्रेकडे जावे. 2028च्या सिंहस्थात असंख्य लोक रामघाटावर स्नान करतील, आणि इंदूरचे सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी उज्जैनच्या अलीकडे क्षिप्रेला मिळते. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची एक अट अशी की विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम हवा. तो मोजायची विंकलरची पद्धत एकोणिसाव्या शतकातली, आजही चालू. तिच्यात सोडियम थायोसल्फेटचे 0.025 नॉर्मल द्रावण लागते, लिटरमागे 6.205 ग्रॅम स्फटिकांचे, आणि 200 मिलिलिटर मूळ नमुन्यासाठी ब्युरेटमधून पडलेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. म्हणजे नदी स्नानाला योग्य की अयोग्य, हे ब्युरेटच्या पाचव्या रेघेच्या आसपास ठरते. आता थायोसल्फेटचा स्वभाव असा की ते बाटलीत स्वस्थ बसत नाही. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि जिवाणू त्याला हळूहळू क्षीण करतात, तळाशी गंधकाचा फिकट गढूळपणा येतो. समजा ते चार टक्क्यांनी दुबळे झाले आणि कोणी तपासले नाही. खरा ऑक्सिजन 4.9 असताना दुबळे द्रावण जास्त खर्ची पडेल, वाचन 5.1 येईल, आणि नदी कागदावर उत्तीर्ण होईल. चूक नेहमी नदीच्या बाजूने, म्हणजे प्रदूषण करणाऱ्याच्या बाजूने जाईल. इथे तापमानाची चूक लहान आहे, हे कबूल. पण लहान चूक पकडायची सवय असलेला हातच मोठी चूक शोधायला जातो.

म्हणूनच रसायनज्ञांनी पदार्थांची दोन गटांत विभागणी केली आहे. पोटॅशियम डायक्रोमेट, ऑक्झॅलिक आम्ल, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट यांच्यावर तराजूत विश्वास ठेवता येतो. कॉस्टिक सोडा, परमँगनेट, थायोसल्फेट यांच्यावर नाही: पहिला हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पितो, दुसरा पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी भांडून मँगनीज डायऑक्साइड गाळतो, तिसऱ्याची गोष्ट वर आलीच. त्यांचे द्रावण अंदाजे करायचे आणि मग पहिल्या गटातल्या एखाद्याकडून त्याची खरी ताकद मोजून घ्यायची. 0.025 लिहायचे होते आणि 0.0243 निघाले, तर 0.0243 लिहायचे, ते द्रावण अजिबात वाईट नाही, फक्त त्याचे नाव वेगळे आहे. आपल्या प्रात्यक्षिकांत मात्र सीबीआर, म्हणजे ब्युरेटची एकसारखी वाचने, जुळवण्याचा सोस इतका की तीन वाचने हुबेहूब सारखी आली की गुण मिळतात, मग द्रावणाची ताकद कोणी कधी तपासली होती हे विचारले जात नाही. सारखी वाचने हाताची शिस्त दाखवतात, द्रावणाचा खरेपणा नव्हे; तीन वेळा एकाच चुकीच्या बाटलीतून ओतले तरी ती सारखीच येतील.

तेव्हा शाळा-महाविद्यालयांतल्या आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांतल्या शिक्षकांना आणि सहायकांना एकच विनंती: बाटलीवर ‘एन/10’ एवढेच लिहून थांबू नका. द्रावण केल्याची तारीख, त्या वेळचे खोलीचे तापमान, शेवटचे प्रमाणीकरण कधी झाले आणि ताकद किती निघाली, हेही लिहा. चार ओळींचे लेबल आहे, आणि थायोसल्फेटच्या बाटलीवर ते दर खेपेला नव्याने लिहावे लागेल.