करीच्या दिवशीचा वाढदिवस

मांडवगण फराट्याच्या आमच्या घरात दुधाचा हिशेब, उसाची तोड, पाण्याची पाळी असं सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहिलेलं असे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मात्र आजी कुठलंच नवं काम काढू द्यायची नाही. कर ती! बेसनाची धिरडी खायची नि घरात बसायचं.

आजूबाजूच्या जत्रांतल्या हगाम्यांत मी रेवड्यांवरच्या कुस्त्या खेळू लागलो, तेव्हा वस्तादांनी सांगितलं, की पैलवान खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरात जन्मले ते १५ जानेवारी १९२६ ला. घरी येऊन मी कॅलेंडरवर त्या तारखेच्या, म्हणजे बहुतेकदा करीच्याच, चौकोनात ‘खाशाबा’ लिहिलं. मग दरवर्षी लिहीत गेलो. वसतिगृहात असताना, पुढे नोकरीच्या गावीही.

आता हा दिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. फार आनंद झाला. पण वय वाढलं तशी मला दुसरीच तारीख जास्त मोलाची वाटू लागली: २३ जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. आमच्याकडे पावसाळ्याचे, आखाडे ओस पडायचे दिवस. तिथे खाशाबा जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज देऊन हरले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विसावा मिळावा, असा नियम होता. पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्हसमोर उभं केलं, आणि हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. अंग थकलेलं असताना पुन्हा शड्डू ठोकायचा म्हणजे काय, हे लाल मातीत लोळलेल्यालाच कळेल. कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला मात्र त्या हुकलेल्या अर्ध्या तासाचा अजून राग येतो.

आणि खर्डेकर सर! कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी खाशाबांना पाठवण्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. अर्जुन पुरस्कार आला तो २००० साली. खाशाबा १९८४ मध्येच अपघातात गेले होते.

जयंतीला शाळांत हार घालतात, घालावेतच. पण जुलैत शाळा भरलेल्याच असतात. २३ तारखेला एखादा तास काढून मुलांना ती लागोपाठची कुस्ती सांगावी, गहाण पडलेलं घर सांगावं, आणि पाऊस उघडला तर मैदानात न्यावं.