आला, गेला

सीएच्या ऑफिसातला प्रश्न साधा होता. आर्थिक वर्षात भारतात नेमके किती दिवस राहिलात? नोकरीसाठी बाहेर असलेल्या माणसाचा इथला मुक्काम १८२ दिवसांच्या आत असेल, तर परदेशात मिळालेल्या पगारावर इथे कर लागत नाही. १८२ वा दिवस भरला की सगळं गणित फिरतं. कॅप्टननं पासपोर्ट उघडला. शिक्क्यांवर शिक्के बसलेले, दोन तर वाचताच येईनात. लॉगबुकात त्याची उड्डाणं मिनिटामिनिटानं मांडलेली होती, पण ती त्यानं स्वतः चालवलेली. घरी येताना तो प्रवासी असतो आणि प्रवासाला लॉगबुकात रकाना नाही.

शेवटी त्यानं घरी, हर्सूलला फोन लावला. आईनं दारामागच्या खिळ्यावरचं आणि गेल्या वर्षीचं अशी दोन्ही कालनिर्णयं काढली, एकेक पान उलटलं आणि तारखा सांगितल्या. दुधाच्या हिशेबाखाली, त्याच चौकटीत, पेन्सिलीनं लिहिलेले दोनच शब्द. आला. गेला. बेरीज १७६ आली. सीएनं मान डोलावली. ही २०१७ सालची गोष्ट, आणि तेव्हापासून त्या घरातलं एकही जुनं कालनिर्णय रद्दीत गेलेलं नाही.

हर्सूल म्हटलं की औरंगाबाद शहरातल्या माणसाला आधी मध्यवर्ती कारागृह आठवतं, मग तलाव, मग हरसिद्धी माता. विमानतळ आठवायचं काही कारणच नाही. तो शहराच्या दुसऱ्या अंगाला, जालना रस्त्यावर, चिकलठाण्याला. या घरात विमान पहिल्यांदा शिरलं ते वाईट बातमी म्हणून. २६ एप्रिल १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ चिकलठाण्याहून उडतानाच धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवर आदळलं. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. विमानात ११८ माणसं होती, त्यांतली ५५ गेली. कॅप्टन तेव्हा अकरा वर्षांचा. पुढे कित्येक दिवस गावात एकच बोलणं, विमानाला कापसानं पाडलं. मुलाच्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न घुसला होता. विमान उडणार हे ट्रकवाल्याला कोणी सांगायचं असतं?

बारा वर्षांनी त्यानं वैमानिक व्हायचं म्हटलं तेव्हा आईनं त्या गाठींचीच आठवण काढली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तलावाकडच्या अंगाची वीस गुंठे जमीन विकली. आज त्या जमिनीवर रो-हाऊस उभी आहेत, आणि त्यांच्या किमतीचा विषय त्या घरात कोणी काढत नाही.

व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. त्यात एक लांबचं एकट्याचं उड्डाण असतं, किमान ३०० सागरी मैलांचं, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. बारामतीहून निघालेल्या त्याच्या सेस्नानं त्यातला एक थांबा चिकलठाण्याला घेतला. लॉगबुकात विमानतळाचं नाव लिहीत नाहीत, चार अक्षरं लिहितात. व्हीएएयू. त्यातलं एयू औरंगाबादचं. शहराचं नाव बदललं, स्टेशनचं बदललं, ही चार अक्षरं अजून तीच आहेत. त्या दिवशी तो उतरला, इंधन घेतलं, अर्ध्या तासात परत उडाला. घर बारा-पंधरा किलोमीटरवर होतं. कुंपणाबाहेर वडील स्कूटर लावून उभे होते, ते त्याला नंतर कळलं. लॉगबुकात ती ओळ सगळ्या ओळींसारखीच, निळ्या शाईत. वेळ युटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे.

पहिली नोकरी पंख्याच्या छोट्या विमानावर. तिथे पगार तारखेला झाला की सहकारी एकमेकांना चहा पाजत, इतकं ते अप्रूप. भारतात वैमानिकानं कंपनी निवडणं हा थोडाफार जुगारच आहे. किंगफिशर २००५ मध्ये थाटात आली आणि २०१२ मध्ये थांबली. १९९३ पासून उडणारी जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विस्ताराचं तर उड्डाणं चालू असतानाच नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीनीकरण झालं. एका उमेदीच्या आयुष्यात एवढ्या कंपन्या आल्या आणि गेल्या. (आईच्या पेन्सिलीला इथेही काम मिळालं असतं.)

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट लवकर समजत नाही. कंपनी बदलली की वैमानिकाचे तास त्याच्याबरोबर जातात, पण ज्येष्ठता क्रमांक मागेच राहतो. तहसीलदाराची बदली झाली तरी तो तहसीलदारच राहतो. आठ हजार तासांचा वैमानिक नव्या कंपनीत गेला तर यादीच्या तळाशी बसतो. दिवाळीची सुटी कोणाला, रात्रीची उड्डाणं कोणाला, आधी कॅप्टन कोण, हे सगळं बऱ्याच ठिकाणी त्या क्रमांकावर ठरतं. शिवाय २०१७ पासून भारतात कॅप्टनला राजीनाम्यानंतर वर्षभर आणि सहवैमानिकाला सहा महिने थांबावं लागतं. म्हणजे नवी कंपनी निवडायची ती वर्षभर आधी, आणि वर्षभरानंतर ती कुठे असेल हे देवाला ठाऊक.

२०१५ च्या शेवटी त्याच्यापुढे तीन कागद होते. एक मुंबईतल्या कंपनीचा. दुसरा आखातातला, त्यात राहायला घर, मुलांच्या शाळेची फी आणि मोठं विमान, पण डाव्या खुर्चीतून पुन्हा उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिक. तिसरा चीनमधला, एजन्सीमार्फत. त्या वर्षांत चिनी कंपन्या परदेशी कॅप्टनला महिन्याला वीस हजार डॉलरच्याही वर देत होत्या. तिथली वैद्यकीय तपासणी एवढी कडक की तावूनसुलाखून निघालेले लोकही तिथून परत येत. पण त्या करारात एक ओळ होती. काही आठवडे सलग काम, मग काही दिवस सलग घर, आणि घर कुठे असावं याबद्दल कंपनीचं काही म्हणणं नाही.

बायको घाटीत, म्हणजे शहरातल्या सरकारी रुग्णालयात, डॉक्टर. तिचं म्हणणं एका वाक्यात संपलं. ती म्हणाली, "तू कुठेही उड, मी घाटी सोडणार नाही." त्यावरून आखात कटलं. मुंबईच्या घरभाड्याचा आकडा पाहून मुंबई कटली. राहिला चीन.

मग सुरू झालं ते येणंजाणं. हाँगकाँगहून मुंबई, मुंबईहून चिकलठाणा. सवलतीचं तिकीट म्हणजे जागा उरली तर. चिकलठाण्याला दिवसाकाठी मोजकीच विमानं, लग्नसराईत एकही खुर्ची मोकळी नाही. अशा वेळी दीडशे-पावणेदोनशे माणसं घेऊन उडणारा हा कॅप्टन देवगिरी एक्स्प्रेसच्या साइड अपरवर पाय दुमडून झोपलेला असायचा. शेजारच्या बर्थवरचे काका विचारायचे, काय करता? तो सांगायचा, ट्रान्स्पोर्टमध्ये आहे. पहाटे स्टेशन, रिक्षा, हर्सूल टी पॉइंट, दार. आई पेन्सिल शोधायची.

२०१८ च्या पावसाळ्यातल्या एका चौकटीत 'आला' एक दिवस उशिरा लिहिलेला आहे. वडील आदल्या संध्याकाळी गेले. त्याचं विमान त्या रात्री चीनच्या उत्तरेला होतं. हाँगकाँगचं सकाळचं विमान भरलेलं निघालं. पैसे मोजून दुसरं घेतलं, तरी तो पोचेपर्यंत माणसं स्मशानातून परतली होती. लॉगबुकात त्या दिवशी दोन उड्डाणं आहेत, दोन्ही वेळेवर.

जानेवारी २०२० मध्ये तो सुटीवर आला आणि अडकला. चिनी कंपन्यांनी परदेशी वैमानिकांना बिनपगारी रजेवर बसवलं, पुढे करारच संपले. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झाल्या नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, हा जगभरचा नियम. त्याचे नव्वद दिवस हर्सूलच्या गच्चीवर गेले. त्या वर्षीच्या लॉगबुकात जानेवारीनंतर एकही ओळ नाही. कालनिर्णयात एक 'आला' आहे, आणि त्याच्यापुढे फक्त दूध. बायको घाटीच्या कोविड वॉर्डातून आली की आधी मागच्या मोरीत आंघोळ करायची, मुलगी दाराआडून हाक मारायची. मुलीच्या आयुष्यात पहिल्यांदा बाप रोज घरात होता आणि आई नव्हती. पगार बंद, जमिनीचा एक तुकडा शिल्लक. त्या काळाबद्दल तो आजही कमी बोलतो. एकदा एवढंच म्हणाला, "तलाव भरताना मी त्याच वर्षी पाहिला."

२०२२ मध्ये आखाती कंपन्यांनी पुन्हा दारं उघडली. या वेळी त्यानं उजवी खुर्ची घेतली. बिऱ्हाड हर्सूललाच. सुट्या एकत्र बांधून घ्यायच्या, साडेतीन तासांत मुंबई. त्यातच ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून साइड अपर सुटला.

आणि मग, डिसेंबर २०२५ मध्ये, टेबलावर पुन्हा एक कागद आला. भारतीय कंपनी, मुंबई बेस, डावी खुर्ची. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि महिन्याच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. सगळ्यांना कॅप्टन कमी पडताहेत, हे त्याला बातम्यांआधी फोनवरून कळलं. त्याला त्या नियमांतला एकच आकडा महत्त्वाचा वाटला. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली. ३६ तासांत मुंबईहून हर्सूल गाठून परतण्यात अर्थ नव्हता. ४८ मध्ये आहे.

बायकोनं हिशेब कालनिर्णयावरच मांडला. "दिवस नको, रात्री मोज," ती म्हणाली. घाटीतल्या ड्यूटीमुळे तिला दिवसांचं कौतुक नाही. आखातातून महिन्याला साधारण सात रात्री घरी होतात. मुंबईहून, आठवड्याला एखादीच धरली तर, चार. जवळची नोकरी तीन रात्रींनी लांब. तिनं पुन्हा मोजलं, तेच आलं. मग त्यानं २०१८ चं कालनिर्णय काढलं, पावसाळ्याचं पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. मुंबईहून सहा-सात तास. समृद्धीनं गाडी काढली तर त्याहून कमी. ती काही बोलली नाही.

आई नव्या वर्षाचं कालनिर्णय खिळ्याला अडकवत होती. वयाची पंचाहत्तरी उलटलेली, आणि पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. मागे न वळता तिनं विचारलं, "मुंबईला लागलास तर 'गेला' लिहायचं का रे?"

"सीएला विचारतो," तो म्हणाला.