कानांनी शिकलेले इंग्रजी

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. हे दूध ज्यांच्या घरी कधी पोहोचलेच नाही, अशा घरांतील मुले आमच्या निवासी विद्यालयात येतात. कोणाचे आईवडील ऊसतोडणीला जातात, कोणाचे वीटभट्टीवर राबतात, कोणी आजीच्या आधाराने वाढलेले असते. इंग्रजी यावे ही या साऱ्यांचीच तळमळ असते. आणि नेमक्या त्याच तासाला त्यांची मान खाली जाते. विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लिहिताना, गेली काही वर्षे आम्ही मुलांसमवेत चालविलेल्या एका साध्या उपक्रमाची हकिकत सांगावी असे मनात आले. माणसांनी स्वतःच्या आयुष्याविषयी सांगितलेल्या खऱ्या कथा ऐकून इंग्रजी शिकणे, हा तो उपक्रम.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, शब्दार्थांची वही आणि फळ्यावरचे काळांचे तक्ते एवढीच आमची शिदोरी. त्या शिदोरीवर आम्ही एम.ए.साठी इंग्रजी ग्रंथ वाचले, टिपणे काढली. परंतु वसतिगृहातील ट्रान्झिस्टरवर बीबीसीच्या बातम्या लागल्या की चार ओळखीचे शब्द सोडून बाकीचे सारे वाऱ्यासारखे निघून जाई. डोळ्यांना कळणारी भाषा कानांना कळत नसे. याचे कारण पुढे उमगले. मराठीत आपण बहुतेक अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रजी बोलणारा मात्र वाक्यातील एकदोन शब्दांवर जोर देतो आणि उरलेले शब्द दाबून, एकमेकांत मिसळून पुढे जातो. छापील ‘अँड’चे बोलताना नुसते ‘अन्’ होते. हे वर्गात सांगितले तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, मग आपण तरी ‘आणि’ कुठं म्हणतो? आपणही ‘अन्’च म्हणतो की!” त्या दिवशी इंग्रजी मुलांना थोडे जवळचे वाटले.

ऐकून शिकणे ही आपल्या परंपरेला परकी रीत नव्हे. तथागतांचा धम्म पहिली काही शतके लिहिला गेलेलाच नव्हता. तो ऐकला, पाठ केला आणि पुढच्यास सांगितला गेला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत भिक्खू आनंदांनी सुत्ते म्हणून दाखविली असे परंपरा सांगते, आणि म्हणूनच सुत्तांच्या आरंभी, हे आपण ऐकलेले आहे, अशी ग्वाही येते. विद्वानाला पालीत ‘बहुस्सुत’ म्हणतात, म्हणजे पुष्कळ ऐकलेला. कानाला एवढा मान देणाऱ्या परंपरेतील मुलांना इंग्रजी तेवढे केवळ वहीत उतरवून घ्यायला लावावे, हे आम्हांस पटत नव्हते.

प्रश्न होता तो काय ऐकवावे याचा. शिकवण्यासाठी मुद्दाम रचलेले संवाद आम्ही ऐकवून पाहिले. त्यांत कोणी दुकानात साबणाचा भाव विचारतो, कोणी स्थानकाचा रस्ता विचारतो. मुले ऐकत आणि विसरून जात. कारण तो साबण अखेर घेतला की नाही, याच्याशी कोणाला काही देणेघेणे नव्हते. खऱ्या माणसाची खरी गोष्ट सुरू झाली की ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न कानाला ओढून नेतो. एखादा शब्द अडला तरी ऐकणारा थांबत नाही; मागच्यापुढच्यावरून तो अर्थ लावतो. शिवाय आपबीती सांगणारा घडले त्याच क्रमाने सांगतो. गेलो, आलो, म्हणालो, मिळाले, होते अशी मोजकी क्रियापदे भूतकाळात पुन्हा पुन्हा येतात. तक्त्यातील जी रूपे घोकूनही लक्षात राहत नाहीत, ती गोष्टीत दहा वेळा कानांवर पडली की आपोआप जिभेवर येतात.

आमच्या या प्रवासात ज्या आवाजाने सर्वाधिक शिकविले, तो फाउंटन ह्यूज नावाच्या वृद्धाचा. हे गृहस्थ अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल परिसरात गुलाम म्हणून जन्मले. ११ जून १९४९ रोजी बाल्टिमोर येथे त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा त्यांनी आपले वय एकशे एक वर्षे सांगितले. हे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपले असून आवाज आणि त्याचा लिखित पाठ हे दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत. आपले आजोबा थॉमस जेफरसन यांच्या मालकीचे होते, असे ते सांगतात. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारे हेच ते जेफरसन. इतिहासाच्या पुस्तकात हा विरोधाभास आम्ही अनेकदा शिकविला होता. पण ज्याच्या आजोबांनी तो सोसला, त्याच्या तोंडून ऐकताना वर्गात जी शांतता पसरली, ती आमच्या कोणत्याही व्याख्यानाने कधी पसरली नव्हती.

आम्ही ही मुलाखत दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांनी ऐकतो. पहिल्यांदा कागद-पेन्सिल बाजूला ठेवून नुसते ऐकायचे आणि काय कळले ते मराठीत सांगायचे. दुसऱ्यांदा लिखित पाठ समोर ठेवून ऐकायचे. तिसऱ्यांदा पुन्हा कागद मिटून. शेवटी आवडलेली दोन-तीन वाक्ये त्याच चालीने म्हणून पाहायची. एका तुकड्याला तीन-चार दिवस लागतात. घाई केली तर मुलांचे कान मिटतात, हा आमचा अनुभव आहे.

एकेक शब्द मात्र असा उलगडतो की इतिहास आणि भाषा यांचे तास वेगळे राहत नाहीत. ह्यूज ‘पास’विषयी बोलतात. मुलांना बसचा पास ठाऊक, परीक्षेत पास होणे ठाऊक. हा पास वेगळा. गुलामाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे तर मालकाची चिठ्ठी जवळ असावी लागे; तिचे नाव पास. ही चिठ्ठी देणारा तो ‘मास्टर’. आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आमच्या गावात आजोबा गुरुजींना मास्तरच म्हणतात. मास्तर म्हणजे मालक का हो?” शब्द एकच, पण मराठीत येताना तो शिकविणाऱ्याचा झाला आणि तिकडे हुकूम सोडणाऱ्याचा राहिला, हे समजावून सांगताना सारा तास गेला. तो तास वाया गेला असे आम्हांस वाटत नाही.

याच आवाजाने सर्वांत कठीण प्रश्नही उभा केला. ह्यूज यांना शाळा मिळाली नव्हती. त्यांच्या बोलण्यात एका नकारावर दुसरा नकार येतो, ‘वेअर’च्या जागी ‘वॉज’ येते. लिखित पाठ वाचताना एका चाणाक्ष मुलाने विचारले, “सर, यांचं इंग्रजी तर चुकीचं आहे. आम्ही असं लिहिलं तर तुम्ही लाल रेघ मारता. मग एवढ्या मोठ्या ग्रंथालयानं हे का जपून ठेवलंय?”

आम्ही त्यास सांगितले, “बाळ, परीक्षेत पुस्तकातली भाषा लिहायची, कारण ती येत नाही म्हणून उद्या कोणी तुला दाराबाहेर थांबवायला नको. पण भाषा एवढीच नसते. ह्यूज आजोबांनी आपल्या माणसांची बोली बोलून साक्ष दिली. त्या बोलीलाही तिचे नियम आहेत. ती साक्ष बदलून, ‘शुद्ध’ करून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही.” मुले काही वेळ गप्प होती. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे माझी आजी ‘व्हतं’, ‘न्हाई’ म्हणते, तेही?” “होय, तेही,” आम्ही म्हणालो. वसतिगृहात आल्यावर पहिल्या महिन्याभरात मुले घरची बोली लपवू लागतात. ती बोली एका परदेशी वृद्धाच्या निमित्ताने पुन्हा वर्गात आली, हा या उपक्रमाचा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ होय.

गुलामगिरीच्या या कथेशी आपले नाते आजचे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. म्हणून ह्यूज यांच्यानंतर आम्ही बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’कडे वळतो. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकास कळावे यासाठी बाबासाहेबांनी स्वतःचे आणि इतरांचे अनुभव या लेखनात सांगितले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेली लहान मुले, मसूरचे रेल्वे स्थानक, जात कळताच पालटलेला स्टेशनमास्तरांचा चेहरा, दुप्पट भाडे घेऊनही गाडीत न बसता बाजूने चालणारा गाडीवान, आणि रात्रभर न मिळालेले पाणी. हे सारे बाबासाहेबांनी अगदी छोट्या, सोप्या वाक्यांत लिहिले आहे. आम्ही ते सावकाश मोठ्याने वाचतो आणि मुले ऐकतात. प्रसंग आपला, माणूस आपला. त्यामुळे अनोळखी शब्दांची भीती उरत नाही. ‘पास’ ऐकून झालेल्या मुलांना ‘व्हिसा’ या शब्दाचे मर्म सांगावे लागत नाही. त्यानंतर बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेल्या मुलाखतीचा थोडा भाग लावतो. ज्यांचे नाव रोज वंदनेनंतर घेतो, त्यांचा आवाज इंग्रजीत ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

ऐकण्याची पुढची पायरी सांगण्याची. सत्राच्या अखेरीस प्रत्येकाने स्वतःची एक खरी गोष्ट इंग्रजीत सांगावी असे आम्ही सुचवितो. सक्ती करीत नाही. काय सांगायचे आणि काय मनातच ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. एका मुलाने दोन वर्षे केवळ आपल्या शेळीविषयी सांगितले. तेही उत्तम इंग्रजी होते.

ऊसतोड कामगारांच्या एका मुलीने तळावरच्या कोपीची, पहाटेच्या थंडीची आणि मुकादमाच्या हिशेबाची गोष्ट सांगितली. उधारीवर काही घेऊ नका, पैसे साठल्यावर घ्या, असा उपदेश ह्यूज यांनी मुलाखतीत केला आहे. तो ऐकून तिला घरातली उचल आठवली होती. ‘उचल’ला तिने ‘ॲडव्हान्स’ म्हटले. पण ‘कोयता’ या शब्दापाशी ती थांबली. तळावर कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. तिने शब्द तसाच ठेवला आणि दोन वाक्यांत त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून दिला. परक्या भाषेत आपला शब्द ताठ उभा करता येणे, याहून निराळे भाषाज्ञान ते कोणते?

पुढे एका कार्यक्रमास आलेल्या पाहुण्यांच्या कानांवर ही गोष्ट गेली. त्यांनी सद्भावनेनेच तिला व्यासपीठावर बोलावून ती पुन्हा सांगण्याचा आग्रह केला. सभागृहात पालक होते, छायाचित्रकार होते. ती मुलगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “नो सर, दॅट स्टोरी इज फॉर अवर क्लास. आय विल टेल यू अनदर वन.” आणि तिने वसतिगृहात शिरलेल्या माकडाची गोष्ट सांगून सर्वांना हसविले. गरिबाच्या मुलाचे दुःख ही प्रदर्शनाची वस्तू नव्हे, हे आम्ही वर्गात कधी शब्दांनी शिकविले नव्हते. तिने ते स्वतः जाणले आणि ते सांगण्याइतके इंग्रजी तिच्यापाशी होते. गुणपत्रिकेत या वाक्याला रकाना नाही; आमच्या लेखी मात्र तीच तिची परीक्षा होती.

या विद्यालयातून बाहेर पडलेले अनेक माजी विद्यार्थी ही स्मरणिका वाचतील. त्यांना आमची एक विनंती आहे. १९४९ साली कोणीतरी यंत्र घेऊन एका वृद्धासमोर बसले आणि त्यांचे बोलणे ऐकत राहिले, म्हणून आज आमची मुले तो आवाज ऐकू शकतात. आता प्रत्येकाच्या खिशात तसे यंत्र आहे. आपल्या आजीआजोबांसमोर, आईवडिलांसमोर, त्यांची इच्छा असेल तर, अर्धा तास बसा. त्यांच्याच बोलीत त्यांना बोलू द्या. मध्ये दुरुस्ती करू नका. ते ध्वनिमुद्रण विद्यालयाकडे द्या. पुढील वर्षीची मुले ते ऐकतील आणि त्याचे इंग्रजी करतील. कुठे एखादा शब्द अडला, तर तो तसाच ठेवून त्याचा अर्थ कसा सांगायचा, हे त्यांना आता येते.