माणसे कोठे जातात आणि कोठे राहतात

मनुष्य आपले गाव का सोडतो, असा प्रश्न कोणालाही विचारला तर बहुधा दारिद्र्य हे एकच उत्तर मिळते. ते उत्तर खोटे नाही; परंतु लोकसंख्येच्या भूगोलाचे अध्यापन करण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला ते फार अपुरे वाटते, कारण दारिद्र्य हेच स्थलांतराचे एकमेव कारण असते तर सर्वांत दरिद्री मुलूख सर्वांत आधी ओस पडला असता, आणि तसे घडलेले सहसा दिसत नाही. अगदी निष्कांचन माणसापाशी वाटखर्चाला पैसा नसतो, परमुलखात पहिले दोन महिने पोटाला घालणारे कोणी नसते, आणि मागे राहणाऱ्या वृद्धांची सोय लावण्याइतके बळही नसते. तो जागीच खंगत राहतो. जो निघतो त्याच्यापाशी काहीतरी असते, आणि ते बहुधा द्रव्य नसते. परक्या शहरात आपल्या आधी जाऊन राहिलेले एखादे ओळखीचे माणूस असते.

या शास्त्राचा आद्य ग्रंथकार म्हणून ज्याचे नाव घेतात तो रॅव्हनस्टाइन मूळचा जर्मन, ब्रिटिश युद्धखात्यात नकाशे काढण्याच्या कामावर होता. इंग्लंडच्या १८७१ व १८८१ च्या शिरगणत्यांतील जन्मस्थानांचे तक्ते घेऊन त्याने १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसे थोड्याच अंतरावर जातात, प्रत्येक प्रवाहाला उलट दिशेचा एक प्रतिप्रवाह असतो, आणि जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक स्थलांतर करतात, असे त्याचे निष्कर्ष होते. यांपैकी शेवटच्या निष्कर्षाकडे आपल्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ४५ कोटी माणसे स्थलांतरित म्हणून नोंदली गेली, आणि त्यांतील सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. माहेराहून सासरी जाणारी मुलगी ही या देशातील सर्वांत मोठी स्थलांतरित आहे, परंतु ते इतके नित्याचे आहे की त्याला स्थलांतर म्हणण्याची आपल्याला सवयच नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातील वाड्यांतून हिंडत असताना या गोष्टीचे महत्त्व मला प्रथम पटले. मुलगे मुंबईत कोणाकडे प्रथम उतरले, असे घरोघर विचारीत गेलो, तेव्हा बापाकडचा चुलता जितक्या वेळा पुढे आला त्याहून अधिक वेळा आईकडचा मामा, नाहीतर बहिणीचा नवरा पुढे आला. एका वृद्धेने तर मलाच उलट विचारले, “मामा व्हता ना तिकडं, मग आनखी कुठं जानार?” पाच-सहा कोसांवरच्या गावांतून नांदावयास आलेल्या बायकांनी नात्यांचे जे जाळे विणले होते त्यावरूनच पुढे त्यांचे मुलगे शंभरेक कोस दूर गेले होते. पुरुषाच्या लांबच्या प्रवासाची वाट स्त्रीच्या जवळच्या प्रवासाने आधी पाडून ठेवलेली असते, हे मला रॅव्हनस्टाइनच्या तक्त्यांनी शिकविले नाही. कोकणातील ओसऱ्यांनी शिकविले.

आता रत्नागिरीचीच माणसे एवढ्या मोठ्या संख्येने का निघाली, हे पाहू. त्या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यांवर पिण्याचे पाणी टँकरने न्यावे लागते. कारण जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही, आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर इतके थोडे आहे की पावसाचे पाणी नद्यांतून काही तासांतच खाडीला मिळते. भातास योग्य अशी सपाट जमीन दऱ्यांच्या तळाशी तेवढी मिळते, बाकीचा डोंगरउतार वरकस, म्हणजे नाचणी, वरी आणि हरीक यांचा, आणि तोही काही वर्षे पिकवून पुन्हा पडीक टाकण्याचा. देशावर जसे पांढरीवर घरे एकवटलेली आणि काळी भोवताली पसरलेली असे गाव आढळते, तसे येथे आढळत नाही. देशावर पाणी विहिरींपाशी आणि नदीकाठी मिळे, मोगलाई व पुंडपेंढाऱ्यांच्या काळात गावकुसाचा आधार लागे, म्हणून माणसे एकत्र राहिली. कोकणात प्रत्येक वळणावर एखादा झरा आणि प्रत्येक उतारावर चार गुंठे जमीन, म्हणून वस्ती वाड्यावाड्यांनी विखुरली. जमिनीचा पोत आणि पाण्याचा ठिकाणा मनुष्याच्या वस्तीला आकार देतात, हे महाराष्ट्रात ज्याला पाहावयाचे असेल त्याने आंबा घाट एकदा दिवसाउजेडी उतरावा.

परंतु निसर्गावर सगळा दोष घालणे अन्यायाचे होईल. देशावर रयतवारी पद्धतीने सरकार व रयत यांचा सारावसुलीचा संबंध सरळ जोडलेला असताना रत्नागिरीत मध्ये खोत उभा होता. कुळाने पिकविलेल्या भातातून कोठे अर्धा, कोठे तिसरा हिस्सा खोताच्या कणगीत जाई, आणि वर वेठ असेच. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९४९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत रोख पैसा मिळविण्याचा मार्ग गावाबाहेरच होता. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरीचे मराठे व महार मोठ्या संख्येने भरती झाले, दापोलीला पेन्शनर सुभेदारांची वस्तीच होती. आणि फौजेने जी घराबाहेर पडण्याची सवय लावली ती पुढे गिरण्यांच्या कामी आली.

कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांनी तिचे उत्पादन सुरू झाले. आगगाडीने भोर घाट १८६३ मध्ये ओलांडला व देशावरचा मनुष्यही मुंबईला येऊ लागला, परंतु रत्नागिरीकराला त्याची वाट पाहावी लागली नाही. नकाशावर त्याला कोल्हापूर किती जवळ! तरीही तो तिकडे वळला नाही. अंतर कोसांत मोजावयाचे नसते, ते भाड्यात आणि ओळखीत मोजावयाचे असते. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांवरून आगबोट निघे, आणि डेकवर गाठोडे उशाशी घेऊन पडलेला मनुष्य मुंबईच्या धक्क्यावर उतरे तेव्हा त्याला न्यावयास कोणीतरी आलेले असे. पावसाळ्यात बोटी बंद होत, त्यामुळे पेरणीला जाणारा मनुष्य आगोटीपूर्वी गाव गाठी आणि नारळी पौर्णिमेनंतरच परते. गिरणीच्या हजेरीपटावरही कोकणच्या पर्जन्यमानाचे असे सावट पडलेले असे.

गिरणीत कामावर घेण्याचा अधिकार व्यवहारात जॉबरचा असे. जॉबर आपल्या गावचे, आपल्या जातीचे, आपल्या नात्यातले लोक लावी, कारण त्यांची हमी त्याला देता येई आणि संपाच्या वा मंदीच्या दिवसांत त्यांच्यावर त्याचा शब्द चाले. ओळखीने दार उघडे, हे या पद्धतीचे एक अंग झाले; तेच दार इतरांना बंद होई, हे दुसरे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार अधिक मिळे, परंतु धोट्यातील कांडी बदलताना नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि तेवढ्या निमित्ताने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे. त्यांची रवानगी सूतकताईच्या, कमी पगाराच्या त्रासनखात्यात होई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे उभा केला. गाव सोडले म्हणजे गावाची उतरंड सुटते, ही समजूत किती भाबडी आहे, हे त्या दोन खात्यांच्या मधल्या भिंतीने दाखवून दिले.

राहण्याची व्यवस्थाही ओळखीवरच उभी होती. परळ, लालबाग, डिलाइल रोड येथील चाळींतून एकेका खोलीत एका गावचे दहा-वीस पुरुष पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत, खाणावळवालीकडे जेवत, आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी दरमहा मंडळात वर्गणी भरीत. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांचे व आचाऱ्यांचे ‘कूड’ याच तत्त्वावर धोबीतलावाच्या आसपास चालत. गावागावाचे निराळे कूड, त्यात त्या गावच्या संताची वेदी, आणि बोटीवर नोकरी लागेपर्यंत नाममात्र भाड्यात एक पेटी ठेवण्यापुरती जागा. धर्म निराळा, राज्य निराळे, पण मनुष्याला परक्या शहरात तग धरण्यासाठी जे लागते ते तेच.

एवढे असूनही ही माणसे मुंबईत स्थायिक का झाली नाहीत? कामगारविषयक रॉयल कमिशनने, ज्याचे ना. म. जोशी हे एक सदस्य होते, १९३१ च्या अहवालात असा अभिप्राय दिला की कामगाराला शहर ओढून आणीत नाही, खेडे त्याला ढकलून देते. हे निरीक्षण मार्मिक आहे, तथापि ते अर्धेच आहे, कारण शहराने त्याला ठेवून घेण्याचीही कधी तजवीज केली नव्हती. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि पुढल्या काही महिन्यांत जवळजवळ अर्धी मुंबई रिकामी झाली. ज्याला गावी घर होते तो गावी गेला आणि वाचला. आजारपण, बाळंतपण, बेकारी आणि म्हातारपण या चारही प्रसंगी शहराने हात वर केले आणि गावच्या घराने पदर पसरला, हा अनुभव ज्या पिढ्यांनी घेतला त्यांनी बायकोला गावी ठेवले आणि वरकस जमीनही विकली नाही, यात मागासलेपणा कसला? ती त्यांची विमापॉलिसी होती. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया, हे प्रमाण विसाव्या शतकातील शिरगणत्यांत सातत्याने दिसते. २०११ मध्येही ते ११२२ होते.

मनुष्य जातो ओळखीच्या वाटेने, पण राहतो तेथे, जेथे म्हातारपण काढता येईल अशी त्याची खात्री पटते, असे माझे मत बनले आहे. त्याच्या पुष्टीसाठी साताऱ्याचा माथाडी घ्यावा. मुंबईच्या बाजारांत पाठीवर पोती वाहणारा हा मनुष्य गिरणीकामगाराहूनही असुरक्षित होता. परंतु अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, मंडळाकडे नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि पुढे घरे असा क्रम लागला, आणि आज कोपरखैरणे व घणसोली येथे त्याच्या नातवंडांच्या शाळा आहेत. उलट १९८२ च्या संपानंतर अडीच लाख गिरणीकामगारांची जी वाताहत झाली तीत कित्येकांना पुन्हा गावचीच वाट धरावी लागली. आणि जे राहिले त्यांची मुले विरार, नालासोपारा, डोंबिवली, दिवा असे करीत उपनगरी रेल्वेच्या टोकाटोकाला पांगली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली, सिंधुदुर्गाचीही उतरली, आणि ज्या मुंबई शहर जिल्ह्यात त्यांची माणसे शतकभर येत होती तोही त्याच दशकात सुमारे अडीच लाखांनी घटला. वाढला तो ठाणे जिल्हा, ८१ लाखांवरून ११० लाखांवर. गाव आणि शहर दोन्ही रिते होत जावेत आणि माणसे त्यांच्या मधल्या पट्ट्यात साठावीत, असा हा काळ आहे.

आणि काही माणसे कोठेच साठत नाहीत. बीडच्या बालाघाट डोंगरातून पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर येथील लाखो नवराबायको दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन उसाच्या फडावर जातात. दोघे मिळून एक ‘कोयता’, आणि उचल त्या कोयत्याच्या नावावर. पाचटाच्या कोपीत राहून ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गळीत बंद होईपर्यंत, ऊस तोडतात व शिमग्या-पाडव्याच्या आगेमागे परत येतात. पिढ्यान् पिढ्या ते कोल्हापूर-सांगलीला जात आले, परंतु तेथे त्यांचे गाव वसले नाही. कारण त्यांची ओळख एकट्या मुकादमाशी, आणि ती ओळख म्हणजे कर्ज. आजाराला तेथे दवाखाना नाही, मुलांना सलग शाळा नाही, रेशनचे धान्यही कित्येक वर्षे गावच्याच दुकानात मिळे. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्याने ज्यांना एक खोली मिळाली नाही, त्यांच्याइतके अन्यायग्रस्त स्थलांतरित महाराष्ट्रात दुसरे मला माहीत नाहीत.

भारताची पुढील जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणार आहे. माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत होते, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामात, जेव्हा बालाघाटातील घरांना कुलपे असतात आणि माणसे फडावर असतात. ज्यांच्या शिवारात त्या वेळी कोप्या उभ्या असतील अशा ऊसपट्ट्यातील वाचकांना माझी विनंती आहे की प्रगणक आपल्या दारी येईल तेव्हा त्याला त्या कोप्यांपर्यंत स्वतः घेऊन जावे आणि तेथील प्रत्येक स्त्री, पुरुष व मूल यांची नोंद, पूर्वीच्या राहत्या गावाच्या नावासह, आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी.