एक न दिलेलं तिकीट

माझ्या पाकिटात एक जुनं तिकीट आहे. आतापर्यंत दोनदा पाकीट बदललं, पण तिकीट दर वेळी नव्या पाकिटात जातंच. आज त्याची गोष्ट सांगून टाकतो.

२०१५ चा डिसेंबर. माझी पीएचडी मेलबर्नला चालू होती आणि सांगलीहून आई-बाबा पहिल्यांदाच आले होते. स्कॉलरशिपवर जगणारा मुलगा आई-बाबांना दाखवून दाखवून काय दाखवणार? जिथे ट्रॅम जाते ते! विद्यापीठापाशी १६ नंबरची ट्रॅम पकडली की ती सेंट किल्डाच्या समुद्रकिनाऱ्यावर, लूना पार्कपाशी सोडते.

लूना पार्क म्हणजे १९१२ सालापासून एकाच जागी भरलेली जत्रा. दारावर एक अवाढव्य हसरा चेहरा आहे, त्याच्या उघड्या तोंडातून आत शिरायचं. आतली लाकडी सीनिक रेल्वेही त्याच सालची. तिची गंमत म्हणजे गाडीच्या मधोमध एक ब्रेकमन उभा असतो आणि तो हाताने ब्रेक लावतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ते खालून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ब्रेक माणसाच्या हातात आहे ना, मग बसायला हरकत नाही."

प्रत्येक पाळण्याचं तिकीट वेगळं. मी मनातल्या मनात डॉलरला पन्नासने गुणत होतो. शेवटी बाबांसाठी आणि माझ्यासाठी रेल्वेची दोन तिकिटं काढली. आई म्हणाली, "मला काही नको, मी बघते." आई असं म्हणाली की तिला काहीतरी हवं असतं, हे एव्हाना तुम्हालाही ठाऊक असेल.

आम्ही फेरी मारून आलो तेव्हा आई कॅरोसेलसमोर उभी होती. आपल्या जत्रेत असतो तसा घोड्यांचा पाळणा, फक्त फार देखणा. १९१३ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला घडवलेला, आधी सिडनीत होता आणि १९२३ मध्ये इथे आला. मी हा इतिहास सांगत होतो आणि आई घोडे बघत होती.

तेवढ्यात एक गोरा गृहस्थ आला. बरोबर बायको आणि दमून खांद्यावर झोपलेला मुलगा. त्याने चार तिकिटं पुढे केली. "आम्ही निघालोय, तुम्हाला चालतील का?"

मी झटकन म्हणालो, "नको नको, थँक्यू." का? एक तर फुकटचं घ्यायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. दुसरं म्हणजे, हा काय विकतोय की काय, अशी शंका. आणि तिसरं कारण कबूल करायला लाज वाटते: आम्ही गरीब दिसतोय की काय?

आईला इंग्रजी येत नाही. पण तिने माझ्याकडे न बघता तिकिटं घेतली, पिशवीतून डबा काढला आणि सकाळी केलेले तीन बेसनाचे लाडू त्यांच्या हातावर ठेवले. त्याने एक तिथेच तोंडात टाकला, अंगठा वर केला, "नो वरीज" म्हणाला आणि मंडळी निघूनही गेली. ना नाव, ना गाव.

आई घोड्यावर बसली. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, तरी पदर सावरेना. शेजारच्या घोड्यावरच्या निळ्या केसांच्या मुलीने खाली उतरून तो नीट आईच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा जाऊन बसली. सगळं इतकं सहज, की मी फोटो काढायचंच विसरलो.

तीन तिकिटं आम्ही तिघांनी वापरली. एक उरलं. आई म्हणाली, "हे आता कुणाला तरी देऊन टाक."

मी निघालो. तिकीटखिडकीपाशी एक बाई नाणी मोजत होती, बाजूला तिचा मुलगा. मी दोनदा जवळ गेलो. तिने नको म्हटलं तर? संशयाने बघितलं तर? तासाभरापूर्वी मी स्वतः जसं बघितलं होतं तसंच! दुसऱ्यांदाही मी तसाच परत फिरलो. आईने विचारलं, "दिलंस?" मी म्हणालो, "हो."

नवख्या माणसाला मदत करायला मन मोठं लागतं, असं मला वाटायचं. खरं तर त्याआधी नकार ऐकायची तयारी लागते. त्या गृहस्थाने माझा नकार सहज ऐकला, आणि तरी त्याचा हात पुढेच राहिला. आपल्याकडे आपण आधी काका, मावशी, दादा म्हणून नातं जोडतो आणि मग मदत करतो. आईने लाडू देऊन तेच केलं. मला दोन्ही जमलं नाही.

पुढे पीएचडी झाली, नोकरी लागली. आता मी ट्रॅममध्ये, विमानतळावर, रांगेत उभा असताना अनोळखी लोकांना विचारतो. बरेच जण नको म्हणतात. काही बिघडत नाही.

पण सांगलीत आईच्या भिशीत ही गोष्ट अजूनही सांगितली जाते, आणि तिचा शेवट ठरलेला आहे: "मग आमच्या ह्याने शेवटचं तिकीट एका पोराला दिलं." बायका कौतुकाने मान डोलावतात म्हणे.

मी इथे लिहिलेलं बाबा आईला मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून इथेच सांगतो. आई, ते तिकीट मी दिलं नव्हतं.